पावणेतीन तासांत पाचच उल्का. माझं काय चुकलं?

जागरणवाली
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

काल रात्रीचा हिशेब मांडते आहे, कुणी तरी तपासून द्या. सिंह राशीतला उल्कावर्षाव काल शिगेला असणार, ताशी पंधरा उल्का दिसतील, असं मोबाइलमधल्या ॲपने आठवडाभर आधीपासून सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या चिरंजीवांना मी ते आकडे वाचून दाखवण्याची चूक केली. त्याने लगेच हिशेब केला, तीन तास म्हणजे पंचेचाळीस!

रात्री दहा वाजता गच्चीवर गेलो. चंद्र नव्हता, ढग नव्हते. ७० मिलिमीटरची छोटी दुर्बीण आहे, ती पूर्वेकडे लावून ठेवली, कारण ॲपमधला बाण तिकडे होता. पाऊण वाजता खाली आलो. एकूण पाच उल्का. दुर्बिणीतून शून्य, पाचही नुसत्या डोळ्यांनी, त्याही चुकून. वहीत वेळा लिहिल्या आहेत:

१०:२० – डोक्यावरून दक्षिणेकडे. नारिंगी, सावकाश. चिरंजीव म्हणाले, विमान.
११:०५ – साधारण तशीच, पश्चिमेकडे.
११:४० – पुन्हा सावकाश, शेवटी जरा भडकली आणि विझली.
१२:१० – उत्तरेला, बारीक, पटकन. मी पाहिली, त्याने नाही.
१२:३५ – ही मात्र भन्नाट. पूर्वेच्या क्षितिजाजवळून निघाली ती जवळजवळ डोक्यापर्यंत आली, मागे रेघ राहिली. नंतर आणखी पुढे जाऊन समोरच्या टेकडीमागे पडली असावी.

कृत्तिका मोजून बघा असं कुठे तरी वाचलं होतं. मला सहा दिसल्या, त्याला सहा आणि "कधी कधी सातवी".

प्रश्न दोन. एक, उरलेल्या चाळीस कुठे गेल्या? दोन, उल्का दिसत नसतील तर निदान एखादा लघुग्रह तरी या दुर्बिणीतून दाखवता येईल का? दगड दिसला तरी चालेल, असं चिरंजीवांचं म्हणणं आहे.

---

तिरकस_९
१८ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

दुर्बिणीतून उल्का बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून पाखरांचा थवा बघणं. तुमच्या समोरचं आकाश वीस हजार चौरस अंशांचं, दुर्बिणीत मावतो त्यातला एखाद-दुसरा. दुर्बीण पेटीत ठेवा, गादी वर न्या.

---

उत्तररात्र
१८ नोव्हेंबर, दुपारी १:४०

आत्ताच उठलो, म्हणून उशीर. तुमची नोंद वाचून बरं वाटलं. लोक "काहीच दिसलं नाही हो" एवढंच लिहितात आणि मग काय चुकलं ते सांगायला काही हातात नसतं. तुम्ही वेळ, दिशा, रंग आणि कृत्तिकांची संख्या दिली आहे. एवढ्यावर सगळा उलगडा होतो.

पहिली गोष्ट, तुम्ही सिंहाच्या उल्का बघायला गेलात तेव्हा सिंह उगवलाच नव्हता. नोव्हेंबरच्या मध्यावर मघाचा विळा, म्हणजे सिंहाच्या डोक्याकडचे विळ्यासारखे मांडलेले तारे, क्षितिजावर यायला मध्यरात्र होते. या उल्का ज्या बिंदूपासून फाकल्यासारख्या दिसतात तो उद्गमबिंदू त्या विळ्यात आहे. तो क्षितिजाखाली असताना त्याच्या उल्का वर कशा येणार? तुम्ही पाऊण वाजता खाली उतरलात, म्हणजे पडदा वर जाताना नाट्यगृहातून बाहेर पडलात. सिंहाची वेळ पहाटे तीन ते उजाडेपर्यंत.

मग पहिल्या तीन कोणाच्या? सावकाश, नारिंगी, डोक्याच्या आसपासून निघालेल्या: त्या वृषभातल्या. अकराच्या सुमारास कृत्तिका-रोहिणी माथ्यावर असतात आणि त्यांचा उद्गमबिंदू तिथेच आहे. एन्के नावाचा धूमकेतू सव्वातीन वर्षांत सूर्याला फेरी मारतो, त्याचा हा कचरा. ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत सांडत राहतो, ताशी पाचाच्या वर सहसा जात नाही, पण मधूनच एखादी अशी पेटते की गच्चीवर सावली पडते. वेग सेकंदाला तीसेक किलोमीटर. सिंहाच्या उल्का ७१ किलोमीटरने येतात. ७१ आणि ३० यांतला फरक डोळ्याला लगेच कळतो. "विमान आहे" म्हणायला वेळ मिळाला, तर ती सिंहाची नव्हे. चिरंजीवांनी नकळत वेग मोजला की!

चौथी भटकी. कुठल्याच वर्षावाची नसलेली अशी उल्का कोणत्याही रात्री दिसते.

पाचवी मात्र अस्सल सिंहाची, आणि ती तुम्हाला पाहायला मिळाली याचा मला मत्सर वाटतो. उद्गमबिंदू नुकताच क्षितिजावर आलेला असतो तेव्हा उल्का वातावरणाला जवळजवळ समांतर घुसते. पाण्यावर चपटा दगड सपाट भिरकावतो ना, तशी. त्यामुळे ती लांबच लांब पळते. पहाटे दहा दिसतील त्यात अशी एकही नसेल.

टेकडीमागे मात्र पडली नाही. उल्का जळतात ऐंशी ते एकशेवीस किलोमीटर उंचीवर, आणि ही तर वाटाण्याहून लहान कणाची करामत. १७९८ साली ग्योटिंगेनला ब्रांडेस आणि बेंझेनबर्ग हे दोन विद्यार्थी काही किलोमीटर अंतरावर वेगवेगळे बसले, दोघांनी एकच उल्का कोणत्या ताऱ्यांमधून गेली ते लिहून ठेवलं आणि त्या फरकावरून उंची काढली. तोपर्यंत भल्याभल्यांना ती टेकडीमागेच पडली असं वाटायचं.

आता ताशी पंधराचा हिशेब. हा आकडा खोटा नाही, पण त्याच्या अटी कोणी वाचून दाखवत नाही. उद्गमबिंदू बरोबर डोक्यावर, आणि आकाश इतकं काळं की साडेसहा प्रतीचे तारे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) नुसत्या डोळ्यांनी दिसावेत, अशा वेळी एकट्या माणसाला तासाभरात किती दिसतील, तो हा आकडा. तुम्हाला कृत्तिका सहा दिसल्या. त्यातली सहावी ४.३ प्रतीची आहे, पुढची एकदम ५.१. म्हणजे तुमच्या आकाशाची मर्यादा साडेचार धरू. आदर्शापेक्षा दोन प्रती कमी. एक प्रत गमावली की सिंहाच्या उल्का अडीचपटीने घटतात, दोन गमावल्या की सव्वासहा पटीने. पंधराला सव्वासहाने भागा, राहिल्या जेमतेम अडीच. उद्गमबिंदू तीस अंशांवर असेल तर त्याच्याही निम्म्या. तासाला एक आणि वर थोडी. म्हणजे पहाटे तीनला उठून गेला असता तरी त्या गच्चीवरून पंचेचाळीस कधीच नव्हत्या.

(चिरंजीवांना "कधी कधी सातवी" दिसते हे मी खरं मानतो. नऊ वर्षांचे डोळे आहेत. त्याला आकाशाची मर्यादा मोजायला बसवा, तुम्ही वेळ लिहा.)

रात्र सरेल तशा उल्का का वाढतात, हेही त्याला सांगून टाका. पावसात पळणाऱ्याची छाती भिजते, पाठ बरीच कोरडी राहते. पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटरने पळते आहे. संध्याकाळी आपण तिच्या पाठीवर असतो, पहाटे छातीवर. सिंहाचा प्रवाह तर बरोबर समोरून येतो, म्हणून तो ७१चा वेग.

लघुग्रहाबद्दल रात्री लिहितो.

---

दवबिंदू
१८ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

एक व्यावहारिक भर. मोबाइल! दर दहा मिनिटांनी ॲप उघडून बाण बघितलात तर डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. मी माझ्या पहिल्या वर्षावाला संपूर्ण रात्र अशीच घालवली. आता विजेरीला लाल जिलेटीन बांधतो आणि मोबाइल घरात ठेवतो. दुसरं, उद्गमबिंदूकडेच टक लावू नका. तिथल्या रेघा आखूड असतात. त्याच्यापासून चाळीस-पन्नास अंश बाजूला नजर सैल सोडायची.

नावाप्रमाणे सांगतो: पहाटे दव पडतं. पांघरूण कोरडं हवं असेल तर वरून एक प्लॅस्टिक टाका.

---

जागरणवाली
१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

अहो, सिंह उगवलाच नव्हता! ऑफिसात वाचताना मोठ्याने हसले. चिरंजीवांना वाचून दाखवलं. "म्हणजे आपण दुसऱ्यांच्या उल्का मोजल्या" हा निष्कर्ष. पाचवी खरी होती यावर तो खूश आहे, टेकडीमागे पडली नाही यावर नाराज. आज पहाटे तीनला उठायचं का? की एक रात्र उलटली म्हणजे संपलं?

---

उत्तररात्र
१८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

उठा. सिंहाची तारीख म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे. याबाबत मी पोळलेला माणूस आहे, म्हणून जरा विस्ताराने.

या वर्षावाचा जनक टेंपल-टटल धूमकेतू तेहतीस वर्षांनी येतो. १९९८च्या फेब्रुवारीत तो सूर्याजवळून गेला, त्यामुळे त्या नोव्हेंबरात मोठा वर्षाव होणार अशी हवा होती. भाकीत १७च्या रात्रीचं. मी तेव्हा कॉलेजात. १६च्या रात्री मुद्दाम लवकर झोपलो, म्हणजे दुसऱ्या दिवशी जागता येईल. आमचा मामा रात्रपाळीला असायचा. १७ला सकाळी तो चहा घेता घेता म्हणाला, "काय रे, काल रात्री दिवाळी उरली होती का कुणाची? पहाटेपर्यंत आकाशात सारखं काही तरी फुटत होतं." मला अजून तो कप आठवतो. अग्निगोलांचा, म्हणजे फार तेजस्वी उल्कांचा, लोंढा भाकितापेक्षा सोळा तास आधी आला होता. धूमकेतूने फार पूर्वीच्या फेऱ्यांत टाकलेला जाड माल होता तो, वेगळ्या पट्ट्यात तरंगणारा. मी १७ला रात्रभर बसलो. बऱ्यापैकी दिसल्या, पण मामाने न मागता जे पाहिलं ते नाही.

तेव्हापासून कोणत्याही वर्षावाला मी एक रात्र आधी जातो आणि एक रात्र नंतर. नोकरीत यावरून बरंच ऐकून घेतलं आहे.

२००१ला मामालाच बरोबर नेलं. १८-१९ नोव्हेंबरची रात्र. मध्यरात्रीनंतर दीड तासात तीनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं, कारण एक लिहीपर्यंत दोन जायच्या. काहींच्या मागची रेघ पाच-पाच मिनिटं राहायची, वरच्या वाऱ्याने वाकडी व्हायची, इंग्रजी एसच्या आकाराची. मामा सबंध वेळ एकच वाक्य बोलला, "त्या दिवशी याहून मोठ्या होत्या." तेहतीस वर्षांनी वादळ येतं ते हे, आता पुढचं २०३१च्या सुमारास.

आता लघुग्रह. चिरंजीवांना आधीच सांगा, दगड दिसणार नाही. लघुग्रह या दुर्बिणीत ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलने १८०२ साली "ॲस्टेरॉइड" हा शब्द काढला त्याचा अर्थच ताऱ्यासारखा. मग बघायचं काय? तो जागा बदलतो, ते. उल्का बघताना माणसाने काहीच करायचं नसतं, उताणं पडून डोळे सैल सोडायचे. लघुग्रहाला नेमकं उलट लागतं: पेन्सिल, वही आणि तीच जागा पुन्हा बघण्याचा हट्ट.

स्वतःच्या बळावर शोधलेला माझा पहिला लघुग्रह मी चाळिशी उलटल्यावर पाहिला, म्हणजे पाहिल्याची खात्री केली. डिसेंबर २०२३, वेस्टा, ६.४ प्रतीचा, मृगाच्या उगारलेल्या हाताजवळ. साध्या १०×५०च्या द्विनेत्रीतून. नकाशा जवळ होता पण मुद्दाम उघडला नाही. १७ तारखेला त्या भागातले अकरा ठिपके काढले. १९ला पुन्हा अकरा काढले. दोन कागद एकावर एक धरून दिव्यासमोर नेले, तर दहा जुळले आणि एक चंद्राच्या व्यासाएवढा पश्चिमेला सरकला होता. सव्वापाचशे किलोमीटरचा गोळा माझ्या कागदावर हलला. बायकोला उठवून दाखवलं. तिने "छान" म्हटलं आणि दिवा बंद केला.

तुम्हाला सध्या सोयीचा सेरेस. संध्याकाळी तिमिंगल तारकासमूहात, दक्षिणेला चांगला वर असतो, आठाच्या आसपासच्या प्रतीचा. ७० मिलिमीटरला साडेचार प्रतीच्या आकाशातूनही जमेल. ॲपमधून जागा बघा, मग ॲप बंद. सर्वांत कमी वर्धनाचं भिंग लावा, जे ठिपके दिसतील ते सगळे काढा, "हाच तो" असं कशालाही म्हणू नका. २००६पासून त्याला कागदोपत्री बटुग्रह म्हणतात, पण पोराला बटु आवडेल की लघु, ते त्यालाच ठरवू द्या.

---

जुनी_पानं
१९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

उत्तररात्र, "तेहतीस वर्षांनी वादळ येतं" हे सरसकट नको. १८३३ आणि १८६६ला आलं, म्हणून १८९९ला अख्खी दुनिया गच्चीवर बसली आणि काहीच आलं नाही. १९३३लाही नाही. १९६६ला पुन्हा आभाळ फाटलं. धूमकेतू येतो ठरल्या वेळी, पण त्याच्या धुळीचा पट्टा पृथ्वीच्या वाटेवर येईलच असं नाही, गुरू त्याला इकडे-तिकडे ओढत असतो. २०३१ला पाहुण्यांना आत्ताच निमंत्रणं पाठवू नका.

नोव्हेंबरच्या अखेरीचा विषय निघालाच आहे तर देवयानीतल्या उल्कांची आठवण काढतो. त्या आता जवळजवळ संपल्या, म्हणून कुणी नाव घेत नाही. बिएलाचा धूमकेतू साडेसहा-पावणेसात वर्षांनी यायचा. १८४६च्या फेरीत त्याचे दोन तुकडे झालेले दिसले, १८५२ला दोन्ही तुकडे एकमेकांपासून लांब गेलेले दिसले, आणि नंतर तो कधीच दिसला नाही. मग २७ नोव्हेंबर १८७२ला, धूमकेतू ज्या वाटेने यायला हवा होता त्याच वाटेने, तासाला हजारोंनी उल्का आल्या. २७ नोव्हेंबर १८८५ला पुन्हा. त्या रात्री प्रागमध्ये वाइनेक या खगोलशास्त्रज्ञाच्या फोटोच्या काचेवर एक रेघ उमटली, उल्केचा पहिला फोटो तो. मी दर वर्षी २७ला तासभर देवयानीकडे बघून येतो. बहुतेक वेळा काही नसतं.

---

उत्तररात्र
१९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

१८९९ मान्य. रात्री घाईत लिहिलं.

---

जागरणवाली
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

तीन ते पाच. दुर्बीण घरात, मोबाइल घरात, गादी गच्चीवर. चार. चारही सुसाट, चारही मघाच्या बाजूने आलेल्या, एकीची रेघ मी दहापर्यंत मोजेस्तोवर होती. चिरंजीवांनी तीन पाहिल्या आणि चौथीच्या वेळी झोपलेले होते. उत्तररात्र यांच्या हिशेबाने तासाला एक-दोन, म्हणजे बरोबरच की! आकडा तोच लहानसा, पण आज फसवल्यासारखं वाटलं नाही.

आज संध्याकाळी सेरेस.

---

जागरणवाली
२४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

तक्रार आहे. १९, २१, २२ आणि आज, अशी चार चित्रं काढली. पहिल्यात नऊ ठिपके, नंतरच्या तिन्हींत आठ (नववा बहुतेक काचेवरचा डाग, पुसल्यावर गेला). आठच्या आठ जागच्या जागी. कागद एकावर एक धरले, दिव्यासमोर नेले, सगळं केलं. कोणीही हलत नाही. मध्यभागाच्या जरा वरचा ठिपका ॲपच्या मते सेरेस आहे, पण मग तो दोन दिवसांत चंद्राएवढा का सरकला नाही? चिरंजीव म्हणतात, "हा मेलेला आहे."

---

उत्तररात्र
२५ नोव्हेंबर, मध्यरात्र १२:३०

चूक माझी, तुमची नाही. वेस्टाची गोष्ट सांगताना मी एक गाळलं. तो तेव्हा प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, आणि त्या दिवसांत लघुग्रह सर्वांत वेगाने मागे सरकताना दिसतो. सेरेसची प्रतियुती ऑक्टोबरच्या सुरुवातीला होऊन गेली. तिच्यानंतर साधारण सात आठवड्यांनी त्याचं वक्री चालणं थांबतं आणि तो पुन्हा पूर्वेकडे वळतो. सात आठवडे म्हणजे नेमके हे दिवस. पंचांगात ज्याला स्तंभी म्हणतात ना, तो सध्या तसा जवळजवळ उभा आहे. रस्त्यावरची गाडी यू टर्न घेताना क्षणभर थबकते तसं नाही हं, तो खरं तर आपल्या कक्षेत नेहमीच्या वेगाने चाललाच आहे. आपणच त्याला आतल्या वळणावरून मागे टाकून पुढे गेलो, आणि आता आपली दृष्टिरेषा काही दिवस एकाच दिशेला राहते आहे.

आणि गंमत म्हणजे तुम्ही नेमकं सेरेस शोधणाऱ्या पियाझीच्या जागी उभ्या आहात. १ जानेवारी १८०१च्या रात्री पालेर्मोला तो तारकांची यादी तपासत होता. वृषभात एक ठिपका यादीत नसलेला. दुसऱ्या रात्री मोजला तर किंचित, अगदी किंचित हललेला. त्याला आधी स्वतःच्याच मापाची शंका आली. दहा-अकरा जानेवारीच्या सुमारास तो ठिपका थांबला आणि उलट दिशेला निघाला. तोच हा सेरेस, त्याही वेळी वळणावर सापडला. पियाझीकडे कोन मोजणारं भलंमोठं यंत्र होतं म्हणून त्याला पहिल्या दोन रात्रींतला फरक कळला, तुमच्याकडे पेन्सिल आहे. पुढे ११ फेब्रुवारीनंतर त्याला निरीक्षण जमलं नाही, आजारपण आणि वर सूर्याचा उजेड. सेरेस हरवला. चोविशीतल्या गाउस या गणितज्ञाने त्या मूठभर नोंदींवरून कक्षा काढून दिली आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री, ३१ डिसेंबरला, तो सांगितल्या ठिकाणाजवळ पुन्हा सापडला.

तेव्हा आठवडा-दीड आठवडा कागद फाइलमध्ये ठेवा. ५ डिसेंबरच्या आसपास त्याच भिंगाने पाचवं चित्र काढा. चिरंजीवांना सांगा, मेला नाही, वळतोय.

---

दवबिंदू
२५ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

हे मलाही माहीत नव्हतं. एकदा पॅलस नावाचा लघुग्रह असाच "न हलणारा" म्हणून सोडून दिला होता.

---

तिरकस_९
२५ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

नऊ वर्षांच्या मुलाला थांबलेला लघुग्रह दाखवणारे गुरुजी!

---

उत्तररात्र
२५ नोव्हेंबर, दुपारी २:००

तिरकस, बरोबर आहे, म्हणून भरपाई सुचवतो. १३ डिसेंबरची रात्र, मिथुनेच्या उल्का. इथे ॲपचा आकडा १२० ते १५० असतो, म्हणजे साडेचार प्रतीच्या आकाशाला भागूनही तासाला पंधरा-वीस. उद्गमबिंदू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, तो रात्री नऊलाच बऱ्यापैकी वर येतो आणि दोनच्या सुमारास माथ्यावर. पोरांसाठी याहून सोयीचा वर्षाव नाही. वेग ३५ किलोमीटर, म्हणजे "ती बघ" म्हणायला पुरतो. चंद्र उत्तररात्री उगवेल, तोही कोरीएवढा.

आणि जागरणवालीबाईंचे दोन्ही प्रश्न तिथे एकत्र येतात. बहुतेक उल्कावर्षावांचा जनक धूमकेतू असतो, मिथुनेचा मात्र लघुग्रह आहे. ३२०० फेथॉन, पाच-सहा किलोमीटरचा, १९८३ साली आयरास उपग्रहाच्या नोंदींत सापडला. त्याची कक्षा मिथुनेच्या उल्कांच्या वाटेशी जुळते हे व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने लगेच दाखवलं. दीड वर्षाच्या आत सूर्याला फेरी मारतो आणि बुधाच्याही आत जातो. सूर्याजवळ त्याला बारीक शेपटी फुटते. ती धुळीची नसून सोडियमची आहे, असं २०२३मध्ये सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या चित्रांवरून लक्षात आलं. मग एवढी धूळ त्याने कधी सांडली, यावर अजून वाद आहेत. १६ डिसेंबर २०१७ला तो पृथ्वीपासून एक कोटी किलोमीटरवरून गेला तेव्हा मित्राच्या सहा इंची दुर्बिणीतून मी त्याला पाहिलं होतं. अकराव्या प्रतीच्या आसपासचा, क्षुल्लक. पण दहा मिनिटांनी पुन्हा डोळा लावला तर शेजारच्या ताऱ्यापासून सरकलेला. दोनच रात्री आधी त्याचीच धूळ आमच्या डोक्यावर जळत होती.

---

जागरणवाली
६ डिसेंबर, रात्री ८:५०

पाचवं चित्र काल ढगांमुळे हुकलं, आज काढलं. मी काहीही सांगितलं नाही, कागद त्याच्याच हातात दिले. दोन ठळक ताऱ्यांना जोडणारी रेघ त्याने पट्टीने आधीच्या चित्रावर मारून ठेवली होती. २४ तारखेला ठिपका त्या रेघेच्या या बाजूला होता. आज पलीकडे आहे. बाकीचे सात जिथल्या तिथे.

त्याने कागदावर तारीख घातली, खाली "वळला" असं लिहिलं, आणि आता विचारतोय की गाउसला जे यायचं ते शिकायला कितवीत जावं लागतं.

गादी १२ तारखेला वर नेणार आहोत. एक रात्र आधी.